हर्णै ते लाडघर : पाण्याच्या वेळेने चालायची वाट

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना किनाऱ्यावरची चाल सोपी वाटते. दम काढणारा चढ नाही, दाट रान नाही, वाट चुकण्याची भीती नाही. दक्षिणेकडे जायचे तर समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि चालत राहायचे. पण डोंगरातली वाट सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळीही असते. किनाऱ्यावरची वाट मात्र दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. सकाळी आठ वाजता ज्या खडपावरून लहान मूलही चालत जाईल, तिथे दुपारी तीनला पट्टीचा पोहणाराही उभा राहू शकत नाही. म्हणून किनाऱ्यावर सहल न्यायची असेल तर आधी पाण्याच्या वेळा पाहाव्यात आणि मग आपल्या ठरवाव्यात. बाकीचे नियोजन त्यामागून येते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातली हर्णै ते लाडघर ही वाट उदाहरणादाखल घेऊ. हर्णै, पाळंदे, सालदुरे, मुरूड, कर्दे आणि लाडघर अशी गावे उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने येतात. वळसे धरून अंतर १२ ते १५ किलोमीटरच्या घरात जाते. वाटेत लांबलचक पुळणी आहेत, समुद्रात घुसलेली डोंगराची टोके आहेत आणि ओढ्यांची, खाड्यांची मुखे आहेत. किनाऱ्यावर चालताना जे जे शिकायला हवे ते सगळे इथे एका दिवसात भेटते. शिवाय प्रत्येक पुळणीच्या मागे वस्ती आणि रस्ता असल्यामुळे कोणाला मध्येच थांबावे लागले तर अडचण होत नाही. पहिल्यांदाच असा गट घेऊन निघणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. हे मुरूड दापोलीचे. रायगड जिल्ह्यातले जंजिऱ्याचे मुरूड वेगळे. गटातल्या प्रत्येकाला गावाचे नाव तालुक्यासकट कळवा, म्हणजे कोणी भलत्याच एसटीत बसणार नाही.

तारीख तिथीवरून ठरवा

हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा. पावसाळ्यात ही चाल करूच नये. मार्च उजाडला की दमट उकाडा सुरू होतो आणि सकाळी नऊनंतर वाळूवर चालणे जड जाते.

हंगाम ठरला की बहुतेक गट सोयीचा रविवार निवडतात. इथेच थोडे थांबून पंचांग उघडा. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. यावरून कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हा हिशेब सारखाच लागू पडतो. पूर्ण ओहोटी भरतीच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर धरायची.

आता हाच हिशेब आपल्या कामाला लावू. पौर्णिमेची सहल अनेकांना आवडते, कारण रात्री चांदणे मिळते. पण त्या दिवशी भरती ऐन दुपारच्या तोंडावर येते आणि तीही उधाणाची. म्हणजे चालायच्या वेळीच पुळण सर्वांत अरुंद झालेली असते. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे ओहोटीला पाण्याकाठची कडक वाळू पुरेशी उघडी पडत नाही. आपल्याला हवी ती पंचमी किंवा तिच्या आगेमागची तिथी. पंचमीला दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास ओहोटी. सकाळचे चार तास रुंद, घट्ट, सपाट किनारा मिळतो. चतुर्थी ते षष्ठी या तीन तिथींपैकी एखादी सुट्टीच्या दिवशी येते का ते पाहा आणि तो दिवस पक्का करा.

हा हिशेब तारीख निवडण्यापुरता. तिथी मध्यरात्री बदलत नाही आणि हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. प्रत्यक्ष वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून किंवा त्यावर आधारलेल्या माहितीवरून ताडून घ्या. मुंबईची वेळ जशीच्या तशी वापरू नका. जसजसे दक्षिणेकडे जावे तसतशी भरती थोडी आधी येते. निघायच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचे उंच लाटांचे इशारे पाहा. इशारा असेल तर सहल पुढे ढकला. लांबच्या वादळाने उठलेल्या लाटा स्वच्छ उन्हाच्या, वारा पडलेल्या दिवशीही किनाऱ्यावर येऊन आदळतात.

पाणी कसे चढते

गट घेऊन जाणाऱ्याला भरतीची वेळ माहीत असून भागत नाही. तिची चालही माहीत हवी. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. समजा, त्या दिवशी पाणी एकूण २.४ मीटर चढणार आहे. पहिल्या तासात ते २० सेंटिमीटर चढेल, दुसऱ्यात ४०, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी ६०.

पहिला तास माणसाला गाफील करतो तो यामुळेच. ओहोटी संपून तास झाला तरी पाणी होते तिथेच दिसते, म्हणून गट रमतो. पुढच्या दोन तासांत मात्र एक मीटर पाणी चढलेले असते. सपाट पुळणीवर हा फरक आणखी मोठा दिसतो. ५० मीटरला १ मीटर असा उतार असेल, तर ६० सेंटिमीटर चढलेले पाणी ३० मीटर आत येते. यावरून एक नियम करा : डोंगराच्या टोकाखालून खडपावरून जायचे असेल तर ओहोटी पूर्ण होण्याआधीच्या दीड तासात जा आणि ती पूर्ण झाल्यावर फार तर एका तासात पलीकडे पोहोचा. या वेळेत जमत नसेल तर वरची वाट धरा.

गट किती मोठा, कोण कुठे

बारा ते पंधरा जणांचा गट सोयीचा पडतो. त्याहून मोठा असेल तर दोन गट करा आणि दोघांना स्वतंत्र लीडर द्या. लीडर पुढे आणि शेवटचा माणूस मागे, ही डोंगरातली पद्धत इथेही चालते. पण किनाऱ्यावर तिचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. मोकळ्या पुळणीवर सगळे दिसत असतात, म्हणून कोणी मोजत नाही. कोणी शिंपले वेचायला थांबतो, कोणी पाण्यात पाय घालायला जातो आणि गट किलोमीटरभर पसरतो. पुढचे लोक टोक ओलांडून जातात, मागचे तिथे पोहोचेपर्यंत पाणी आलेले असते. म्हणून प्रत्येक टोकापाशी, प्रत्येक ओढ्यापाशी सगळ्यांनी थांबायचे, मोजायचे आणि मगच एकत्र पुढे निघायचे.

दोघादोघांच्या जोड्या लावा. जोडीदार दिसत नसेल तर सांगायची जबाबदारी दुसऱ्याची. लीडरकडे आणि शेवटच्या माणसाकडे शिट्टी हवी. लाटांच्या आवाजात हाक पोहोचत नाही, शिट्टी पोहोचते. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, तीन छोट्या म्हणजे मदत हवी, हे निघण्याआधीच ठरवून घ्या.

चालीचा वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा. कडक ओल्या वाळूवर ताशी चार किलोमीटर सहज होतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत तोच माणूस अडीचवर येतो. वेळापत्रक तीनच्या हिशेबाने आखा. गटात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना मागे ठेवू नका. लीडरच्या लगेच मागे त्यांची जागा असली की वेग आपोआप सांभाळला जातो आणि त्यांनाही आपण सगळ्यांना खोळंबून ठेवतो आहोत असे वाटत नाही.

आदल्या संध्याकाळी हर्णैत

कोकण रेल्वेने खेडला उतरून दापोलीमार्गे हर्णैला येता येते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बोली सुरू होते. तो पाहायला जाच, पण आणखी एका कामासाठीही जा. बोटीवरच्या एखाद्या दादांना किंवा मासे निवडत बसलेल्या मावशींना विचारा, “उद्या पाणी कधी भरतंय? कर्द्याच्या पुढे टोकाखालून जायला होतं का?” कोष्टकात सापडणार नाही असे उत्तर मिळते. यंदा कुठे वाळू वाहून गेली, कुठल्या ओढ्याचे तोंड सरकले, कुठे चिखल साचला हे त्यांनाच ठाऊक असते. किनारा दर पावसाळ्यात बदलतो. गेल्या वर्षी तुम्ही इथून गेला असाल, तरीही विचाराच. त्यांनी नको म्हटले तर वाद घालू नका.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे होते. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्र्यांच्या हातून तो गेला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला ही त्याची जोडठाणी आहेत. सूर्यास्ताआधी कनकदुर्गाकडे गेलात तर दुसऱ्या दिवशीच्या वाटेची दिशा डोळ्यांखालून घालता येते. कुठे पुळण आहे, कुठे काळा खडक पुढे आला आहे, हे गटाला तिथूनच दाखवा. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे सगळ्यांना एकत्र बसवून भरती-ओहोटीच्या वेळा, थांबे आणि परत फिरायच्या जागा समजावून सांगा. प्रत्येकाला वेळा कागदावर लिहून द्या.

दिवसाचे वेळापत्रक

पावणेसातला निघा. सूर्य पूर्वेला, डोंगराआड आणि माडांआड असतो, त्यामुळे सुरुवातीचा काही काळ पुळणीवर सावली मिळते. उत्तरेकडून दक्षिणेकडे चालण्यात एक फायदा आहे. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येचा असतो, म्हणजे तो पाठीवर येतो. तोटा असा की ऊन समोरून लागते. पुढे झापड असलेली टोपी हवीच.

पाळंदे आणि सालदुरे हा पहिला टप्पा. इथे ओढे आणि खाडीची छोटी मुखे आडवी येतात. ओलांडण्याचे नियम साधे आहेत. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा वाहत्या पाण्याची ओढ पायाला जाणवत असेल तर उतरू नका. मागे फिरून गावातला रस्ता आणि पूल गाठा. मुखाजवळचा काळा मऊ चिखल टाळा, त्यात पाय रुततो. पाय रुतलाच तर जोर लावून उपसू नका. अंग मागे टाका, वजन पसरवा, पाय हळूहळू हलवत मोकळा करा आणि आलेल्या दिशेनेच बाहेर या. वाळू घट्ट आहे की नाही हे काठीने टोचून पाहायचे काम एकट्या लीडरचे; बाकीच्यांनी तोवर थांबायचे.

नऊच्या सुमारास मुरूड. इथे न्याहारी करा. भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते याच गावातून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. घाट चढून, दिवसचे दिवस चालून तिथे पोहोचल्यावर वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. तरीही पुढे शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले. गटात मुले असतील तर त्यांना ही हकिकत मुरूडातच सांगा. दुर्गादेवीचे देऊळही पाहून घ्या.

मुरूड ते कर्दे हा दिवसातला सर्वांत सुखाचा टप्पा. लांब, रुंद, जवळजवळ सपाट पुळण. ओहोटीही नेमकी याच वेळी पूर्ण होते. पाण्याच्या कडेला, ओल्या पण पाणी न साचलेल्या पट्ट्यावरून चाला. उतार असेल तिथे एक गोष्ट ध्यानात घ्या : समुद्र सतत उजवीकडे असल्याने उजवा पाय सतत खालच्या बाजूला पडतो. तासाभराने घोटा आणि कंबर दुखू लागते. जिथे पट्टा सपाट आहे तिथे चाला आणि मधूनमधून वरच्या अंगाला येऊन चाल बदला.

अकराच्या सुमारास कर्द्याला थांबा आणि दुपार तिथेच घालवा. घरगुती जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवलेले असावे. कोकणातल्या घरात पंधरा माणसांचा स्वयंपाक आयत्या वेळी मागणे योग्य नाही. आमटी-भात, मासे किंवा उसळ, वर सोलकढी घेऊन पडवीत आडवे व्हा. साडेतीनपर्यंत उन्हात बाहेर पडू नका. कडक ऊन आणि चढते पाणी या दोन्ही गोष्टी एकदमच टळतात.

साडेतीनला उरलेला टप्पा. कर्दे आणि लाडघर यांच्यामध्ये डोंगर समुद्रात उतरतो. या वेळी भरती पूर्ण होत आलेली असते, म्हणून खालच्या खडपाचा विचारही करू नका. वरच्या रस्त्याने जा. चढ चढून वर आलात की खाली पसरलेला समुद्र आणि मागे टाकलेली पुळण एका नजरेत दिसते. इतक्या उंचीवरून किनारा पाहायला मिळतो तो इथेच. घाई करू नका. कड्याच्या अगदी काठावर मात्र कोणालाही उभे राहू देऊ नका. जांभ्याची कड खालून पोखरलेली असते आणि वरून ते कळत नाही.

साडेपाचच्या आत लाडघरच्या किनाऱ्यावर उतरा. याला तामसतीर्थ म्हणतात. इथल्या वाळूत आणि गोट्यांत तांबूस छटा आहे, तिच्यामुळे काठचे पाणीही लालसर दिसते. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या पुढेमागे सूर्य मावळतो. दापोलीकडे जायला एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. गाडी आधीच ठरवून ठेवा आणि चालकाचा नंबर दोघांकडे असू द्या.

डोंगराच्या टोकाखालून जायचेच असेल तर

कोकणात अशी टोके जागोजाग आहेत. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग सर्वांना ठाऊक आहे. खडकाच्या फटीतून पायऱ्या उतरून लाटांनी कोरलेल्या कातळावरून डोंगराला वळसा घालायचा. ओहोटीला हा मार्ग सुंदर आहे, भरतीला जीवघेणा. तिथे सूचना लावलेली असते. बहुतेक टोकांवर अशी सूचना नसते, म्हणून पुढचे नियम पाठ करा.

टोकापाशी पोहोचल्यावर दहा मिनिटे उभे राहून फक्त लाटा पाहा. दोन-चार लहान लाटांनंतर एखादी मोठी येते. ती कुठवर पोहोचते ते पाहा. खडक ओला आहे म्हणजे लाट तिथवर येऊन गेली आहे. कोरड्या खडकावरून वाट मिळत नसेल तर परत फिरा. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका.

पाय कुठे ठेवायचा हे रंग सांगतो. हिरवे शेवाळ निसरडे हे सगळ्यांना माहीत असते. ओला काळा गुळगुळीत थरही तितकाच निसरडा असतो, हे पटकन लक्षात येत नाही. खरखरीत कोरडा खडक पकड देतो. कालवांनी भरलेला खडकही पकड देतो, पण हात टेकलात तर त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. अनवाणी कधीच नको. खडकावर उड्या मारू नका. एका वेळी एक पाय उचला. आणि पलीकडची बाजू दिसत नसेल तर अख्ख्या गटाला पुढे नेऊ नका. लीडर आणि एक सोबती पलीकडे पाहून परत येतील, मग निर्णय.

बरोबर काय घ्यावे

माणशी तीन लिटर पाणी घेऊन निघा. मुरूड आणि कर्द्याला बाटल्या पुन्हा भरता येतात. घामातून मीठही जाते, म्हणून मीठ-साखर किंवा कोकम सरबत हवे. शेंगदाण्याची चिक्की, केळी, भाकरी-चटणी असा कोरडा खाऊ पुरतो. तळव्याला नक्षी असलेले जुने बूट उत्तम; ओले झाले तरी दुःख नाही. सॅन्डल घालणाऱ्यांच्या पायात वाळू जाऊन कातडी सोलते, म्हणून जास्तीचे मोजे जवळ ठेवा. लांब बाह्यांचा सुती सदरा घाला. ऊन वरून लागते तसे पाण्यावरून परतूनही लागते. मोबाइल आणि औषधे प्लॅस्टिकच्या पक्क्या पिशवीत.

प्रथमोपचारात चिकटपट्ट्या, जंतुनाशक, चिमटा, घोट्याला बांधायची पट्टी आणि ज्याची त्याची रोजची औषधे. कालवाने कापले तर जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, कपची राहिली असेल तर काढा. खोल असेल तर डॉक्टरकडे जा, कारण अशा जखमा लवकर चिघळतात. जाळ्यातून टाकून दिलेले समुद्रसाप, जेलीफिश किंवा काटेरी मासे मेलेले वाटले तरी हात लावू नका. मोठ्या उपचारासाठी दापोली गाठावी लागते, म्हणून ठरवलेली गाडी दिवसभर फोनवर मिळेल अशी सोय ठेवा. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत.

पाण्यात उतरण्याबद्दल

चालायला आलेल्या गटाने पोहायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दमलेली माणसे, अनोळखी किनारा आणि आपापल्या नादात असलेला गट या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो. २०१६ च्या फेब्रुवारीत जंजिऱ्याच्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. त्या दिवसाची आठवण महाराष्ट्राला आहे. शिक्षक किंवा आयोजक म्हणून मुलांना किनाऱ्यावर नेणाऱ्या प्रत्येकाने ती बाळगावी.

पाय भिजवायचे असतील तर घोट्यापर्यंत, सगळ्यांनी एकाच ठिकाणी आणि एक माणूस काठावर पहाऱ्याला ठेवून. लाटा फुटत असताना मध्येच एक शांत, गढूळ पट्टा दिसला तर तिथे पाणी आत खेचणारा प्रवाह असतो. अनोळखी माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. खाडीच्या मुखाशी ओहोटीला अशीच ओढ असते. कोणी ओढला गेलाच तर त्याच्यामागे उडी मारू नका. दोरी, रिकामा कॅन, बंद बाटल्यांची पिशवी, जे तरंगेल ते फेका. किनाऱ्याला समांतर पोहायला ओरडून सांगा. आणि जवळच्या होडीवाल्याला हाक द्या.

किनारा कोणाचा तरी आहे

पुळण मोकळी दिसली तरी ती कोणाच्या तरी कामाची जागा असते. वाळत घातलेल्या जाळ्यांवरून आणि मासळीवरून चालू नका, वळसा घाला. होडीचा दोर ताणलेला असेल तर त्यावरून उडी मारू नका. आगरातून जाणारी पाखाडी एखाद्याच्या अंगणातून जाते. आधी हाक मारा, विचारा, मग जा. काम करणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. खरेदी, जेवण, गाडी शक्यतो त्या त्या गावातलीच घ्या.

नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने कासवांचे संवर्धन सुरू केले. पुढे आंजर्ल्यासह इतर गावांनीही ते काम उचलले. आपल्या चालीचा हंगाम आणि त्यांचा हंगाम एकच आहे. वाळूवर कासवाच्या परांचे रुंद माग दिसले तर त्यावर पाय न देता गावात किंवा वनविभागाला कळवा. कुंपण घातलेल्या जागेपासून लांब राहा. अंडी हाताळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. भरतीरेषेच्या वर मर्यादवेल पसरलेली असते, ती वाळू धरून ठेवते. तिच्यावर बैठक मांडू नका. गाडी पुळणीवर नेऊ नका, रात्री प्रखर दिवे लावू नका आणि आपला कचरा, केळीच्या सालीसकट, परत न्या.

सराव झाल्यावर

ज्यांना ही वाट पहिल्यांदाच लांब वाटते त्यांनी गुहागरपासून सुरुवात करावी. तिथे गावालगत काही किलोमीटर सलग पुळण आहे आणि मध्ये टोक नाही. गणपतीपुळ्याहून मालगुंडला चालत जाऊन केशवसुतांचे स्मारक पाहता येते. कुटुंबासाठी हा अर्ध्या दिवसाचा चांगला बेत आहे. सराव झालेल्या गटांना सिंधुदुर्गातला निवती-भोगव्याचा परिसर आणि गोव्यात हरमल ते केरी हे टप्पे खुणावतील. दोन्हीकडे पुळण आणि डोंगराची टोके आलटूनपालटून येतात.

कुठेही गेलात तरी क्रम तोच ठेवा. तिथी पाहा, कोष्टक पाहा, गावात विचारा, परत फिरायच्या जागा ठरवा आणि मग गट जमवा. घरी परतल्यावर आणखी एक काम करा. कोणत्या टप्प्याला किती वेळ लागला, पाणी कुठे भेटले, कुठे वरची वाट धरावी लागली, हे अर्ध्या पानावर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी जाणाऱ्यांच्या हाती द्या. ज्यांनी आपल्याला पाण्याच्या वेळा सांगितल्या त्या हर्णैच्या दादा-मावशींनाही फोन करून सगळे सुखरूप पोहोचलो असे कळवा. पुढचा गट त्यांच्याकडे विचारायला जाईल तेव्हा तेही तितक्याच आपुलकीने सांगतील.